पडीक किती?

सून : पण मुळात त्या दिवशी तुम्ही फोन घेतलातच कशाला, आई?

सासू : वाजत होता म्हणून. तू गोठ्यात होतीस, तुझा नवरा आत झोपला होता. आणखी वाजला असता तर त्याची झोप मोडली असती.

सून : बरं, घेतलात. मग 'सून येईल, तिच्याशी बोला' एवढंच म्हणायचं होतं.

सासू : का म्हणून? जमीन कुणाच्या नावावर आहे? तो माणूस इतकं अदबीनं म्हणाला, 'मालकीणबाई आहेत का?' आजवर मला कुणी मालकीणबाई म्हटलं नव्हतं. तुझे सासरे तर मरेपर्यंत 'अगं ए' म्हणाले.

सून : हळू बोला ना, आत ऐकू जाईल. मालकीणबाई म्हणाला. पुढे?

सासू : नाव विचारलं, सांगितलं. शेत कुठलं ते विचारलं, सांगितलं. आवाज नोंदवून घेतो म्हणाला, म्हटलं घ्या बाबा. मग विचारलं, 'तुमच्याकडे पडीक किती?'

सून : आणि तुम्ही?

सासू : जे आहे तेच सांगितलं. आमच्याकडे पडीक कुणी नाही म्हटलं.

सून : कुणी?

सासू : 'कुणी' म्हणाले की 'काही' म्हणाले, आता कुठून आठवणार? डोकंच फिरलं माझं. ओळख ना पाळख, आणि पडीक किती म्हणे! जिभेला काही हाड?

सून : आई, त्याला आपल्या माणसांचं काय पडलंय? कृषी कार्यालयातला माणूस तो. ओढ्याकाठच्या पट्टीबद्दल विचारत होता. आपला करार आहे ना!

सासू : तो विसाव्याचा? तो माहीत आहे की मला. सही माझीच आहे. जमिनीला विसावा द्यायचा, नांगर घालायचा नाही, पेरायचं नाही, गवत वाढू द्यायचं, पाखरं नांदू द्यायची. त्याबद्दल सरकार पैसे देतं.

सून : त्या विसाव्यालाच ते पडीक म्हणतात.

सासू : ...मग सही घेताना तसं सांगायचं होतं. माझा मुलगा विसावा म्हणाला.

सून : तुम्हाला लागू नये म्हणून म्हणाले ते. पडीक म्हटलं असतं तर केली असतीत सही?

सासू : बोटं तोडून दिली असती. या घरात माझ्या सासूबाईंपासून कुणी वीतभर जमीन पडीक ठेवलेली नाही. बांधावरसुद्धा काही ना काही लावलेलं असायचं. पडीक म्हणजे ज्यांच्या घरात कर्तं माणूस नाही त्यांची.

सून : झालं. हात दाखवून अवलक्षण. आता कळलं, ती तपासणीची बाई अचानक आज का येतेय ते. मला वाटलं, सगळ्यांकडेच जातात. आपल्याच घरातून 'पडीक काही नाही' असं नोंदवलं गेलंय!

सासू : येऊ दे की. गवत दाखव. कमरेएवढं वाढलंय.

सून : दाखवते. आणखी काही बोलला होतात का त्याच्याशी? आठवून सांगा. आत्ता सांगा, तिच्यासमोर नको.

सासू : काही नाही.

सून : आई.

सासू : त्यानं विचारलं, 'मग ओढ्याकाठी काय घेतलंय?' मी म्हटलं, वाटाणा.

सून : वाटाणा!

सासू : ओट्यावर वाटाणे निवडत होते. समोर जे होतं ते तोंडातून निघालं. तांदूळ निवडत असते तर भात म्हणाले असते.

सून : देवा रे. बरं. थांबा. विचार करू द्या मला. जमिनीत काही नाही ना? म्हातारं माणूस, गोंधळलं, असं सांगू. गवत बघून तिला पटेल. पटेल ना? ... आई, अशा खाली काय बघताय?

सासू : मी आयुष्यात खोटं बोलले नाही गं.

सून : म्हणजे?

सासू : फोन ठेवल्यावर मनाला टोचणी लागली. सरकारी माणसाला सांगितलं वाटाणा आहे, आणि तिथं वाटाण्याचा दाणा नाही. म्हणून संध्याकाळी ओढ्याकडे गेले तेव्हा... एक ओंजळ. फक्त एक ओंजळ टाकली.

सून : पेरलात तुम्ही?

सासू : पेरलं कुठे, भिरकावले. गवतात. खोटं खरं करायला.

सून : आणि खऱ्याचं खोटं झालं! उगवलेत?

सासू : चारदोन दिसतात. बाकीचे पाखरांनी खाल्ले. चांगले टपोरे दाणे होते, बियाण्याच्या डब्यातले.

सून : बियाण्याच्या... तुम्ही तो डबा उघडलात?

सासू : उघडला. तळाशी हात गेला तर ट्रॅक्टरची किल्ली लागली. तो रोज मागतोय, आणि तू मला म्हणालीस, दुरुस्तीवाला घेऊन गेला.

सून : मग काय करू? डॉक्टर तुमच्यासमोरच बोलले ना? मणका जेमतेम सांधतोय. ट्रॅक्टरच्या सीटवर एक हादरा बसला तर पाय गेले म्हणून समजा. आणि ह्यांचं रोज एकच, 'बसून बघतो जरा.'

सासू : मी त्याला सांगितलं नाही. किल्ली होती तिथेच ठेवली, वर वाटाणे सारखे केले.

सून : आई, प्रश्न पैशांचा नाही. करार मोडला तर आधीचे पैसे परत द्यायचे, ते एकवेळ कुठूनही उभे करू. पण ती पट्टी पुन्हा पेरावी लागेल. तोच उतार, जिथं ट्रॅक्टर उलटला. ते काय म्हणाले आहेत माहीत आहे? 'करार आहे तोवर मी पडून राहीन. करार गेला की दुसऱ्या दिवशी मी ट्रॅक्टरवर.' ते बोलतात तसं करतात. तुमच्यावरच गेलेत.

सासू : माणूस लावू नांगरायला.

सून : त्या उतारावर कोण येतंय? उलटल्यापासून तिकडे बैलसुद्धा चरायला जात नाही.

सासू : मला वाटलं नव्हतं गं एवढं होईल. दुकानात रांगेत उभी होते, तर मागची म्हणते, 'मुलगा अजून पडीकच का घरी?' हसून म्हणाली. माझ्या मुलाला! पहाटे अंधारात उठून शेतात जाणाऱ्या माझ्या मुलाला. मी सामान घेतलं आणि तडक आले. वाटाणे निवडायला बसते तर हा फोन वाजायला लागला. 'तुमच्याकडे पडीक किती?'

सून : ...हे आधी का नाही सांगितलंत?

सासू : तुला सांगून तुझाही जीव कशाला जाळायचा?

सून : थांबा. फाटकाशी गाडी दिसतेय. सरकारी आहे.

सासू : आली का? चहा टाकते.

सून : गाडीत कुणी नाही, आई. ती आधी ओढ्याकडेच गेलीय. म्हणजे रोपं बघितली असणार तिनं. ऐका, नीट ऐका. वाटाण्याचं विचारलं तर पाखरांनी आणले असतील म्हणायचं. पाखरं आणतात बी. खोटं नाही ते, कुठे ना कुठे आणतातच.

(दारावर टकटक. चिखलाचे बूट उंबऱ्याबाहेर काढून तपासनीस बाई आत येतात.)

तपासनीस : नमस्कार. मालकीणबाई कोण?

सासू : मी. बसा, मॅडम. चहा घेता ना?

तपासनीस : पाणी चालेल. तुमच्या ओढ्यात माझा एक पाय गेला, म्हणून उशीर. मावशी, सरळ विचारते. करारात पट्टी पडीक आहे. फोनवर तुम्ही म्हणता, वाटाणा आहे. जाऊन बघते तर गवत, आणि गवतात वाटाण्याची थोडी रोपं. मी काय समजू?

सून : मॅडम, पाखरं बी आणतात ना—

तपासनीस : आणतात. सगळ्यांच्याच शेतात ती फार कष्ट करतात. मला मावशींकडून ऐकायचंय.

सून : आई...

सासू : पाखरांनी नाही. मी टाकले.

सून : आई!

सासू : राहू दे गं. एका खोट्यापायी एवढं रामायण झालं, आता दुसरं नको. मॅडम, फोनवर चुकून वाटाणा म्हणाले, मग वाटलं आपण खोटं ठरू, म्हणून जाऊन ओंजळभर टाकले. शिक्षा करायची तर मला करा. हिला काही माहीत नव्हतं, मुलाला अजूनही नाही.

तपासनीस : थांबा. फोनवरचं खोटं ठरू नये म्हणून?

सासू : हो.

तपासनीस : इतकी वर्षं या नोकरीत आहे, हे नवीन आहे. जमीन नांगरली?

सासू : नाही.

तपासनीस : कुदळ, खुरपं, काही लावलं?

सासू : गवताला धक्का नाही लावला. बांधावर उभी राहून भिरकावले. त्या उताराकडे बघवत नाही मला.

तपासनीस : मलाही माती हललेली दिसली नाही. मातीला अवजार लागलं तर ती पेरणी, असा नियम आहे. हे नुसतं सांडणं झालं. ती रोपं उपटून टाका, माझ्यासमोरच.

सून : आत्ता उपटते, मॅडम! धावत जाते.

तपासनीस : थांबा, एवढ्यानं भागत नाही. मावशींचा आवाज नोंदलेला आहे, 'पडीक नाही' म्हणून. तो मावशींनाच खोडावा लागेल. आत्ता, त्यांच्या तोंडून. मी तसंच लिहून घेते आणि पाठवते. पुढे वरचे ठरवतील, पण माझा शेरा चांगला असेल.

सून : सांगा ना, आई. चार शब्दांचं काम आहे. 'ओढ्याकाठची पट्टी पडीक आहे.'

सासू : ओढ्याकाठची पट्टी... विसाव्याला आहे.

तपासनीस : तो शब्द आमच्याकडे नाही, मावशी.

सासू : मग मोकळी आहे म्हणा.

तपासनीस : मोकळी म्हणजे घरं बांधायला निघालेली. ते खातं वेगळं, ते मागे लागलं तर बसा बोंबलत.

सासू : न पेरलेली.

तपासनीस : न पेरलेली म्हणजे पेरायची राहून गेलेली. त्याला दंड आहे.

सासू : एवढं मोठं सरकार, आणि त्याला एक बरा शब्द सापडत नाही?

तपासनीस : मी ठरवले असते तर बरे ठेवले असते. मला आणखी तीन शेतं बघायची आहेत, मावशी.

सून : आई, शब्दच आहे नुसता. तुमच्या पाया पडते.

सासू : तुला नुसता शब्द वाटतो. माझ्या तोंडून तो कसा निघेल? एकदा म्हटलं की झालंच. उद्या दुकानातली म्हणेल, आता तर आईच म्हणते.

मुलाचा आवाज, आतून : आई? कोण आलंय? कार्यालयातलं कुणी आहे का?

सून : कुणी नाही हो! तुम्ही झोपा!

मुलाचा आवाज : मला ऐकू येतंय सगळं. करार मोडतायत ना? मोडू देत. मी उठतोय.

सून : उठू नका! आई, ते भिंतीला धरून उठतील. तिथं धरायला काही नाही...

मुलाचा आवाज : वाटाण्याच्या डब्यात आहे ना किल्ली? तेही ऐकलं मी. आई, डबा घेऊन ये इकडे.

सासू : मॅडम, लिहा. पडीक.

तपासनीस : पूर्ण सांगा.

सासू : ओढ्याकाठची सगळी पट्टी पडीक आहे. मी ठेवली आहे. नीट बरी होईपर्यंत पडीकच राहणार, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तपासनीस : 'बरी होईपर्यंत' लिहीत नाही. 'कराराची मुदत संपेपर्यंत' लिहिते. स्वखुशीनं?

सासू : स्वखुशीनं.

मुलाचा आवाज : आई, डबा आणतेस ना?

सासू : आणत नाही. काही मोडलेलं नाही, बाळा. तू पड अजून.