माझी भूमिका मलाच मिळाली नाही

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या नाट्यमंडळाचे दिग्दर्शक आदरणीय पांडुरंगबाब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, समोर बसलेल्या माताभगिनी, आणि "सगुण कंडक्टरच्या हातात माईक गेला, आता कठीण" म्हणत दाराकडे सरकणारे मित्रहो, सर्वांना माझा नमस्कार.

शाल मिळाली, नारळ मिळाला. पण मी केलं काय? पेडणे ते वास्को जन्मभर सरकारी बसची घंटी वाजवली. आणि मंडळाच्या प्रत्येक नाटकात द्वारपाल झालो. "महाराजांचा विजय असो" एवढंच वाक्य, तेही दोनदा विसरलो. त्याचा कोणी सत्कार करतं का?

खरं म्हणजे हा सत्कार माझ्या नातीचा. माझा मुलगा सुदेश पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला, त्याची मुलगी गौरवी तिथल्या टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहिते. गोष्ट परमुलखातल्या गोंयकार घराची. मुलगी अर्धी इंग्रज, आईबाप अर्धे घाबरलेले, आणि आजोबा पूर्ण अतरंगी. घरात वॉशिंग मशीन आलं तरी हा म्हातारा त्याच्यापुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि सगळं घर "व्हय म्हाराजा" म्हणतं. तो म्हातारा म्हणजे मी. मशीनचं गाऱ्हाणं मी व्हिडिओ कॉलवरून खरंच घातलं होतं, नाकारून काय उपयोग?

पण मंडळी, माझी भूमिका मला मिळाली नाही! ती दिली बर्मिंगहॅमच्या एका पंजाबी गृहस्थांना. आणि ते जेवतात काय, तर पराठे! मी फोन केला, "बाये, आमच्या घरात माशाचं हुमण आणि उकडं शीत. हे पराठे खंयसून इले?" ती म्हणाली, "आजोबा, पराठे दिसले की चॅनेलवाल्यांना इंडिया दिसते." पांडुरंगबाब, जो माणूस स्वतःच्या भूमिकेलाही चालला नाही, त्याला तुम्ही द्वारपाल तरी केलंत, हे उपकारच.

गेल्या गणेशचवथीला तिचा पुन्हा फोन. "आजोबा, मालिकेत तुम्हाला मारायचंय. मारू?" माझी बायको देवकी तिथेच नारळ किसत होती. ती म्हणाली, "मेल्यार तरी हे गप बसतले काय?" मी परवानगी दिली. अट एकच, मरताना लांबलचक संवाद पाहिजे.

तोही मिळाला नाही! तो भाग आपण याच सभागृहात बसून पाहिला. पडद्यावर मी गावी येऊन आधीच गेलेला. नातीला रजा मिळेपर्यंत तेरावंही उरकलेलं. आईबाप गावीच, ती एकटीच परत आपल्या इंग्लंडच्या घरी येते, त्या मशीनपुढे नारळ ठेवते, हात जोडून मोडकंतोडकं गाऱ्हाणं घालते, आणि "व्हय म्हाराजा" म्हणायला घरात कोणीच नसतं.

तेव्हा तुम्ही कोणी हसला नाहीत. मी तर ढसाढसा रडलो. स्वतःच्या मरणावर रडलेला मी गावातला पहिलाच असेन. पोरीने विनोद लिहिला नव्हता हो, आपली भीती लिहिली होती. नऊ वर्षं ती घरी आली नव्हती, आणि मला वाटायचं, तिला आता आमची गरज उरली नाही.

त्याच रात्री फोन लावला. म्हटलं, "बाये, मेलो तो पंजाबी. मी अजून आसंय. मोपाचा विमानतळ आपल्याच तालुक्यात झालाय. मी जितो आसतानाच ये."

ती काल उतरली. ती बघा, देवकीच्या बाजूला, साडीखाली खेळायचे बूट घालून बसलीय ती!

मंडळाचे आणि तुम्हां सर्वांचे मनापासून आभार. चुकलंमाकलं असेल त्याची माफी मागायची रीत आहे, ती मी माझ्या पद्धतीने मागतो. बा देवा रवळनाथा, आज माझ्या तोंडातून काय कमीजास्त गेला आसात, कोणाचा नाव ऱ्हवला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा. आणि ह्या पोरीक दर वर्षी घरची वाट दाखव रे म्हाराजा...

थांबा, थांबा! तुम्ही सगळे गप ऱ्हवा. गौरवी, तू म्हण.