प्रतापरावांच्या नातीची सायकल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सायकल कारखान्याचे मालक माननीय रघुवीरजी, आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आपले वर्क्स मॅनेजर प्रतापराव, त्यांच्या शेजारी बसलेल्या शशिकलावहिनी, सूत्रसंचालक देवदत्तजी, असेंब्ली, रंगकाम, पॅकिंग अशा सगळ्या खात्यांतले माझे भाऊ-बहिणी, आणि बाहेरून पोह्यांचा वास येतोय तरी अजून जागेवर बसून असलेले सगळे श्रोतेजन, आपणा सर्वांना माझा जय भीम आणि नमस्कार.

मी सुमेधा, पॅकिंगमध्ये असते. महिला कर्मचाऱ्यांतर्फे दोन शब्द बोला, साहेबांबद्दल चांगलं चांगलं बोला, असं देवदत्तजींनी मला सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. त्यांना नवल वाटलं असेल. एरवी मी पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभी राहूनसुद्धा तोंड उघडत नाही. पण या दोन शब्दांची मी फार वाट बघितली आहे.

तर आधी चांगलं सांगते, आणि ते खरंच आहे. सायकल जोडण्यात प्रतापरावांचा हात धरणारा माणूस अख्ख्या इंदुरात नाही. आपला कारखाना सुरू झाला तेव्हा आपल्यापैकी निम्मे लोक बंद पडलेल्या मिलमधून आले होते. सायकल म्हणजे आपल्याला ती काळी, दूधवाल्याची माहीत. तिच्या क्रँकला, मतलब पायडलच्या दांडीला, पिन असायची. हातोड्यानं ठोकली की काम झालं. आणि इथे आल्या गियरवाल्या, लाल-पिवळ्या, टीव्हीवर जाहिराती येणाऱ्या सायकली. त्यांच्या क्रँकला पिनच नाही, मधोमध एक बोल्ट. हे काय प्रकरण आहे ते सांगायला प्रतापराव स्वतः जमिनीवर मांडी घालून बसले होते. आठवतंय ना सगळ्यांना?

काय सांगितलं होतं त्यांनी? आतल्या आसाचं टोक लोखंडी आणि चौकोनी. त्यावर बसणारी दांडी ॲल्युमिनियमची, नरम. लांब दांड्याचा पाना लावायचा आणि अंगाचा भार टाकून बोल्ट आवळायचा. इथपर्यंत कोणीही करेल. पण ते म्हणाले, खरी गोष्ट पुढे आहे. सायकलवर माणूस बसून पायडलवर उभा राहिला की दांडी अजून जराशी आत सरकते आणि कसून आवळलेला बोल्ट आपोआप सैल पडतो. म्हणून मैदानात एक चक्कर मारून आणायची आणि परत पाना लावायचा. दुसऱ्यांदा आवळला की ती दांडी जन्माची बसली. आणि नाही आवळला तर? तर लोखंड ॲल्युमिनियमला आतून खात जातं, चौकोनी भोक गोल होतं, आणि मग वरून कितीही आवळा, ती दांडी एक दिवस निघणार.

किती छान शिकवलं की नाही? मी पॅकिंगमधली बाई, कधी पाना धरला नाही, तरी मला पाठ आहे. कारण माझा नवरा पंचशील रोज रात्री जेवताना हेच सांगायचा, पोळीचा तुकडा चौकोनी तोडून दाखवायचा. मिलमध्ये तो मागांचा फिटर होता. आता तुम्हाला वाटेल, ही नवऱ्याला गरीब गाय करून दाखवणार. अजिबात नाही. तोंडाळ माणूस आहे. भांडखोर आहे. स्वतःला भारी शहाणा समजतो, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगत आले आहे. पण मिलमधून त्यानं एक पद्धत आणली, ती तुम्ही सगळ्यांनी उचललीत. शेवटचा हात फिरला की बोल्टवरून दांडीपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. प्रत्येक फिटरचा रंग वेगळा. पंचशीलचा पांढरा. रेघ ओढली म्हणजे मी जबान दिली, त्या बोल्टला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मग वरून प्लास्टिकचं झाकण.

आता ती दिवाळी आठवा. राजवाडा बाजारातले होलसेलवाले रोज फोन करून डोकं खात होते, ट्रक फाटकाशी उभे. प्रतापराव असेंब्लीत आले आणि म्हणाले, मैदानातली चक्कर बंद. एकदा आवळा, रेघ ओढा, झाकण लावा, पॅकिंगला पाठवा. पंचशीलनं तिथेच भांडण काढलं. साहेब, तुम्हीच शिकवलंत आणि तुम्हीच सांगताय, एवढ्या मोठ्यानं ओरडला की आम्ही पॅकिंगमध्ये ऐकलं. तेव्हा प्रतापराव काय म्हणाले? त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगते. "रेघ तुझी, जबाबदारी माझी. तू रेघ ओढ."

हे ऐकलेले निदान वीस जण या हॉलमध्ये बसले आहेत. खाली कशाला बघताय? मी तुमची नावं घेणार नाही. तुमच्या घरी पण चूल पेटायची होती, मला कळतं.

त्याच सायकलींपैकी एक सुदामा नगरमध्ये गेली. शलाका नावाची शाळकरी मुलगी, वडिलांनी पहिल्या नंबरासाठी बक्षीस म्हणून घेऊन दिलेली. काही आठवडे बरी चालली. मग एक दिवस उतारावर डावी दांडी पायडलसकट निघून हातभर लांब पडली, आणि पोरगी कोपरावर. तिचा हात आजही पूर्ण सरळ होत नाही. तिचे वडील ती दांडी पिशवीत घालून इथे आले होते. सभ्य माणूस, आवाज पण चढवला नाही त्यांनी. फक्त विचारलं, हे असं कसं झालं?

आणि प्रतापरावांनी ती दांडी हातात घेतली, त्यावरची पांढरी रेघ दाखवली, आणि सगळ्यांसमोर हिंदीत म्हणाले, "मिलवाले हैं साहब, ढीला काम इनकी आदत है." त्याच संध्याकाळी पंचशील फाटकाबाहेर.

देवदत्तजी, बसा. घड्याळ मला पण दिसतंय. तुम्हीच दोन शब्द म्हणाला होतात, आता मोजत बसू नका.

तर त्या एका वाक्यानं काय झालं ते शशिकलावहिनींना माहीत नसेल, म्हणून सांगते. राजवाड्याच्या एकाही सायकलवाल्यानं पंचशीलला दारात उभं केलं नाही. तो आता ऑटो चालवतो. स्टँडवर त्याचं नाव पडलं आहे, ढीले भिया. ढीले भिया, ब्रेक तरी कसलेत ना, असं विचारून मग पोरं ऑटोत बसतात. तो पण हसतो त्यांच्याबरोबर. आणि घरी? घरातला नळ गळत असला तरी हा माणूस पान्याला हात लावत नाही. शेजारच्याला बोलावतो. मिलमधले अवघड माग ज्यानं डोळे मिटून खोलले-जोडले, तो नळाखाली बादली लावून बसतो. मला तो रडला असता तर चाललं असतं. बादली लावतो ते बघवत नाही.

मी रघुवीरजींकडे गेले होते. खोटं बोलणार नाही, त्यांनी मला बसवलं, चहा पाजला. म्हणाले, प्रतापराव स्वतः कबूल करत असतील की चक्कर लागते, दुसऱ्यांदा आवळावंच लागतं आणि तेच आपल्याकडे झालं नाही, तर मी पंचशीलला उद्या परत घेईन. प्रतापराव म्हणाले, नाही, त्याची काही गरज नसते, एकदा आवळलेलं पुरतं. झालं. त्यांच्या शब्दापुढे माझा शब्द तो काय! त्यानंतर मी रोज त्यांना नमस्कार साहेब म्हणत आले. गोड आवाजात. वहिनी, मला भयंकर राग आहे तुमच्या नवऱ्याचा. आज लपवत नाही. प्रतापराव उद्या मुलाकडे नाशिकला चालले, कायमचे, म्हणजे मला आजच्याशिवाय दिवस नव्हता.

आता भेटीकडे येते. आपल्याकडे निरोपाला शाल-नारळ नाही, सायकल देतात, आणि ती खात्यातली माणसं जोडतात. प्रतापरावांनी नातीसाठी मागितली आहे. ही बघा, हार घातलेली, निळी. पोरगी नाशिकला शाळेत घेऊन जाणार हिला. ही असेंब्लीतल्या अच्युतनं जोडली, आणि त्यानं मला विचारलं, ताई, कशी जोडू? मी म्हटलं, साहेबांच्या पद्धतीनं. त्या दिवाळीत जशी जोडली तशीच. एकदा आवळली आहे. चक्कर मारलेली नाही. वर झाकण आहे.

घाबरू नका, इथे हॉलमध्ये फिरवलीत तर काही होणार नाही. महिनाभर शाळेत नेली तर काय होईल ते मी कोण सांगणार? मी पॅकिंगवाली. साहेब सांगतील. प्रतापराव, माझी एकच विनंती आहे. या माइकवर म्हणा, की ही सायकल अशीच नाशिकला जाईल, बोल्टला कोणी पाना लावणार नाही, आणि माझी नात हिच्यावर बसेल. एवढं म्हणा. मी गप खाली बसेन आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगेन, तूच ढीला होतास.

मी माइक तुमच्यासमोर धरते. घाई नाही.

वहिनी, तुम्ही त्यांच्याकडे बघताय ते बरोबर आहे. त्यांनाच विचारा.

ऐकलंत? मागच्या रांगेत आलं का ऐकू? साहेब म्हणाले, "आधी चक्कर मारून आणा, मग बोल्ट परत आवळून द्या. अशी मी पोरीला देणार नाही."

अगदी बराबर, साहेब. अशी द्यायचीच नसते. दुसऱ्याच्या पोरीला पण नसते द्यायची.

रघुवीरजी, आपण ऐकलंत. चहा पिताना जो शब्द दिलात तो मी आता सगळ्यांसमोर मागते. होकाराची मान हलवलीत, मला दिसलं, देवदत्तजींनाही दिसलं. शलाकाच्या वडिलांकडे मात्र प्रतापरावांनी जायचं. उद्याची गाडी संध्याकाळची आहे, सुदामा नगर वाटेत पडतं. सोडायला ऑटो पाहिजे असेल तर फाटकाशी एक उभी आहे. चालकाला मी आत ये म्हटलं होतं, आला नाही, म्हणून अच्युतनं आज एक कर्णा फाटकाकडे तोंड करून बांधला आहे. साहेबांचं वाक्य बाहेर स्वच्छ ऐकू गेलं असणार.

अच्युत, सायकल मैदानात घेऊन जा, पायडलवर उभा राहून दोन-तीन चकरा मार, आणि पाना घेऊन ये. आज बोल्ट साहेब स्वतः आवळतील. त्या पोरीवर माझा काही राग नाही, तिनं सुखरूप शाळेत जावं.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार, बोलवून पस्तावलेल्या देवदत्तजींचे आभार, आणि पोहे गार होईपर्यंत बसून राहिलात म्हणून तुमचे सगळ्यांचे आभार. बोलताना माझ्या तोंडून काही कमी-जास्त गेलं असेल, वहिनींचं मन दुखावलं असेल, तर मला मोठ्या मनानं क्षमा करा. प्रतापरावांना मी केलेली नाही.