जोडव्याखालची गाठ

हॅलो?… हां, आरती. अगं ऐक ना, मी तुलाच लावनार हुते…

पाय? हाय तसाच. आधी माझं… बरं, बोल तू.

लेक पुण्याहून फोन करायची ती आईच्या पायावरून रागवायलाच. राहीबाईनं दुखरा पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

गाठ वाढलीय की. कुरूप काढलं तवा चिंचोक्याएवढा वण हुता, आता निम्मं जोडवं गिळलंय त्यानं. खाजतंय, ठनकतंय. चप्पल घालवत न्हाई…

व्हय, कापून घेतली हुती, गावातल्या कंपाउंडरकडून. चुकलंच. वाटलं, एकदा कापली की सुटले. दुप्पट होऊन आली…

सांगितलं हुतं गं नगरच्या डॉक्टरांनी. असली गाठ नुसती कापली की पुन्ना वाढती. दर महिन्याला गाठीत सुई घ्या. पन आधी जोडवं काढा, ते घासतंय…

कसं काढनार? तुझे आप्पा लकवा होऊन अंथरुनात. त्यांचा जीव टांगलेला आन् मी त्यांच्या नावाचं जोडवं काढू? अडानी म्हन. म्हन काय म्हनायचं ते…

आरती, आता ऐक ना…

शुक्रवारचा नंबर लावलास? न्हाई, शुक्रवारी न्हाई जमायचं…

सुईला भीत न्हाई मी…

आप्पांना? फोन देऊ?

राहीबाईनं पलंगाकडं पाहिलं. चादर तिनंच तोंडावरून ओढली होती. शेजारची आक्काबाई उशाशी दिवा लावत होती. आता सांगायलाच हवं होतं.

आरती… आप्पा गेले गं. मगाशी, चहा पाजताना. घोट तसाच तोंडात राहिला.

…

ऐकतीय ना? एकटी निघू नगंस, जावईबापूंना संगं घे. आक्काबाईचा गोरक्ष येतोय स्टँडवर तुमाला आनायला. तू आल्याबिगर न्हाई उचलनार…

व्हय… व्हय गं बाई. रड.

डॉक्टरचा नंबर? मोडू नगंस. तेराव्यानंतरचा घे. आता घेते म्हनावं सुई…

जोडवं? तेच तर. बाया मगापास्नं बघत्यात, तेल लावलं, साबन लावला. गाठीतून निघत न्हाई. कापावं लागंल म्हनत्यात…

न्हाई, दुखत न्हाई. आता कुठं दुखतंय.

ठेवते. सोनार आलाय.