नाशिकचं स्थळ

डेक्कनला कोथरूडच्या बसची रांग होती. पुढचं साठीचं जोडपं बोलत होतं. चोरून ऐकायची लाज रांगेत कुणालाच नव्हती, मलाही नव्हती.

“अहो, स्थळ बघून आलात आणि कालपासून गप्प. मुलगा कसा आहे?”

“तेजस? दिवसभर वाईन तोंडात घेतो.”

“झालं! दारूपायी आमच्या दादाचं वाटोळं झालं, आता आपल्या नम्रताचं करा. हिंजवडीत तिला शंभर कॉम्प्युटरवाले मिळतील.”

“अगं, घेतो आणि थुंकतो. वाईनरीतली त्याची नोकरीच ती आहे. माझ्यासमोर चाळीस पिंपांची चव घेतली, वहीत लिहिली, थेंब गिळला नाही. नाक बिघडतं म्हणून कांदा खात नाही, पावडर लावत नाही. इतकं सोवळं तर तुझ्या माहेरीही नव्हतं.”

“माहेर राहू द्या. तुम्ही काय केलंत?”

“मला पाच पेले दिले. थुंकायला भांडं ठेवलं. होणाऱ्या जावयासमोर थुंकू?”

“म्हणजे प्यायलात!”

“पाचही. मग उठता येईना. त्यानेच धरून घरी नेलं. त्याच्या आईने सरबत दिलं, गादी घातली. कुणी हसलं नाही.”



“दादा असा यायचा तेव्हा आम्ही आतून कडी लावायचो.”

“मग काय कळवू त्यांना?”

“होकार कळवा. आणि बैठकीला मी येणार. तुमचा भरवसा नाही.”