‘ब’ वर्गाच्या कानातला कापूस

बाई : वर्गांमधलं पार्टिशन छताला टेकत नाही, हे मी पहिल्याच दिवशी कळवलं होतं, साहेब.

तपासनीस : आणि आम्ही उपायही कळवला होता. ‘ब’ वर्गाच्या कानात कापूस.

बाई : घातला की. दुसऱ्या दिवशी हजेरीला एकही पोर ओ देईना. सगळा वर्ग गैरहजर लागला.

तपासनीस : अहो, समजून घ्या. नव्या पद्धतीने वाचायला शिकवायचं ते फक्त ‘अ’ला. ‘ब’ला नाही. वर्षअखेरीला फरक मोजायचा. आता दोन्ही वर्ग घडाघडा वाचतायत. फरक शून्य.

बाई : मग चांगलंच झालं ना?

तपासनीस : झालं, पण कशामुळे? उद्या शंभर शाळांत हीच पद्धत न्या म्हणून मी कशाच्या जोरावर सांगू? भावंडांनी घरी एकमेकांशी बोलायचं नाही, अशी हमीपत्रं घेतली होती ना?

बाई : घेतली. पण सही करायची तर आधी वाचायला हवं. ‘ब’च्या पोरांना वाचता येईना. मग ‘अ’मधल्या बहिणींनी आठवडाभर बसून शिकवलं.

तपासनीस : हमीपत्र वाचायला?

बाई : तोंडपाठ आहे सगळ्यांना. म्हणून दाखवायला सांगू?

तपासनीस : नको. हे लिहायला माझ्याकडे रकाना नाही.

बाई : आणि माझं काय?

तपासनीस : सोमवारपासून वाचनाचा तास बंद. तुमची नेमणूकही त्याच तासावर होती. मला वाईट वाटतंय, खरंच.

बाई : मला राग येतोय. त्यालाही रकाना नसेल.

तपासनीस : ...नाही. बरं, अहवालाची पोच हवी. मुख्याध्यापक रजेवर आहेत, तर तुमच्या शिपाई मावशी चालतील. गेल्या वर्षीच्या कागदावरही त्यांचाच अंगठा आहे. मावशी, या इकडे. शाईचा पॅड आणलाय मी.

(मावशी ओले हात पदराला पुसतात, कागद लांब धरतात. बराच वेळ नुसते ओठ हलतात.)

मावशी : ‘वाचन... तासाचा... कोणताही... परिणाम... आढळला नाही.’ बरोबर वाचलं का हो, बाई?

बाई : बरोबर वाचलंत, मावशी.

तपासनीस : मावशी, तुम्ही... कुठल्या वर्गात बसत होता?

मावशी : मी कुठली बसायला, साहेब? पार्टिशनला पाठ टेकून घंटेची वेळ व्हायची वाट बघायचे. तो पॅड राहू दे. पेन असलं तर द्या.