विहिणीचा सूर

नाही, आता सॉरी नको म्हणू. दारातच म्हणालीस ना मघाशी, ऐकलं मी – आणि तरी चहा केला, कारण माझ्या प्रमोदच्या ऑफिसातली पोरगी हॅरोहून एवढ्या लांब बेसिंगस्टोकला आली, तिला उंबऱ्यावरून कशी परत पाठवू. पण व्हिडिओ मी करणार नाही, कस्तुरी. कसला खुलासा? गयाबाई अजून बौद्धच आहे, बाटली नाही – असं कॅमेऱ्याकडे बघून सांगू मी लोकांना? काहून? ज्यांना मी ओळखत नाही त्यांना?

तू काय लिहिलं होतंस तुझ्या त्या व्हिडिओखाली? ‘नागपूरची आजी फिलिपिनो भजनात, सो क्यूट.’ क्यूट. नवव्या दिवसाची प्रार्थना होती ती, पोरी. माझी विहीण गेली होती. सून तिकडे माहेरी मातीला गेलेली, आणि इथे तिच्या वॉर्डातल्या नर्सा ड्यूटी संपवून घरी येत, समोर टेबलावर फोन उभा, त्यात तिकडचं घर दिसायचं, तिकडची माणसं, आणि आमची नात ऋचा तिच्या त्या आजीच्या गावाची ती लांबलचक ख्रिस्ताची गाथा गायची – वाचायची म्हण, पण सुरात. इकडून एक ओळ, तिकडून एक ओळ. तू भेटायला आलीस, मला वाटलं चांगलं केलंस. तुझ्या हातात फोन होता, पण फोन कोणाच्या हातात नसतो आजकाल? आणि त्या आधी मी काय म्हटलं होतं? बुद्धवंदना म्हटली होती. पूर्ण. त्या सगळ्या नर्सा उभ्या राहिल्या होत्या माझ्यासाठी. ते होतं ना तुझ्याकडे? होतं. कापलंस. लांब होत होतं म्हणे. ठेवलं काय, तर मी क्रॉसपुढे हात जोडून बसलेली.

मग लोक बोलणारच. ‘बाबासाहेबांनी हेच शिकवलं का म्हातारीला.’ मला शिकवतात. माझा बाप डफ घेऊन वस्त्यावस्त्यांत गायचा, तेव्हा ह्यांचे आजे रांगत होते. पण ते जाऊ दे, मला शिव्यांचं काही नाही, आम्ही शिव्या खाऊनच मोठे झालो – नाही, बस खाली, मी बोलतेय अजून. ऋचाच्या वर्गात कोणीतरी तो व्हिडिओ लावला. तिच्या सुराला खाली कसलं तरी धाडधाड म्युझिक लावलेलं, ते तू नाही केलंस, माहीत आहे, दुसऱ्या कोणी केलं, पण त्याला आयतं कोणी दिलं? पोरं बाकावर तिचा सूर काढतात, वेडावाकडा. त्या दिवसापासून पोरगी गात नाही. फोन पुढे केला की खोलीत जाते. सुनेनं समजावलं, प्रमोदनं समजावलं. रविवारी विहिणीचा चाळिसावा दिवस आहे, तिकडे सगळं गाव बसणार, आणि ऋचा म्हणते, मी नाही. आजी, प्लीज, मी नाही.

तुला कळतं का काय तुटलं ते? कुठून कळेल. माझी विहीण, रेमेडिओस, ती गाथा तिच्या आईकडून शिकली, गुडघ्याला गुडघा लावून. तिचा नवरा सौदीला होता, तर त्याला कॅसेटी भरून पाठवायची – अर्धी कॅसेट घरच्या बातम्या, अर्धी हे गाणं. तो तिकडे वाळवंटात ऐकायचा. माझी सून त्या कॅसेटी ऐकत वाढली पण शिकली नाही, मग इकडे आली, नाइट शिफ्टा, कधी शिकणार? आणि मग ही ऋचा. व्हिडिओ कॉलवर, ह्याच स्वयंपाकघरात, मी पोळ्या लाटतेय आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. एक ओळ चुकली की म्हातारी तिकडून जीभ टाळूला लावून चक् करायची. माझा प्रमोद बघ – त्याला माझ्या बापाची गाणी शिकवायला बसले तर म्हणे, आई, यूट्यूबवर आहेत की सगळी. आहेत ना. म्हणून त्याला एक येत नाही.

आमची भाषा? नव्हतीच ना भाषा. तिला इंग्लिश यायचं, मला यायचं नाही. पण ऋचा शाळेत गेली की विहीण मला फोन लावायची, इथे माझी सकाळ, तिथे तिची संध्याकाळ. मी काय भाजी केली ते दाखवायची, ती तिचा भात दाखवायची. जय भीम म्हणायला शिकवलं मी तिला. एवढं मोठ्यानं म्हणायची की तिचा कुत्रा भुंकायचा. मग शेवटी शेवटी, आजार वाढला तेव्हा, ती मलाच ओळी द्यायला लागली. ऋचाला नाही, मला. एक म्हणायची आणि थांबायची, बोटानं खुणावायची, आता तू. मी म्हणायची. तीही चक् करायची मला. मी पण काय कमी, बापाचं एक गाणं तिला दिलं, तर ते तिच्या तिकडच्या नातवंडांनी पाठ केलं. प्रमोदला हे माहीत नाही. सुनेलाही नाही. ऋचाला कळलं असतं तर तिला वाटलं असतं आजीचा तिच्यावर भरवसा नव्हता. नव्हताच बहुतेक. म्हातारीनं आधीच ओळखलं असेल, पोर लहान आहे, जग असं आहे.

तर रविवारी ऋचाच्या जागी मी गायला बसणार आहे. अर्थ मला येत नाही, एका ओळीचाही नाही. चुकेन. कोणी काही म्हणो – विहिणीला कोणी एकटं सोडतं का, आमच्यात तरी नाही.

काय म्हणालीस?

एक ओळ. इथे, आत्ता, तुला म्हणून दाखवू? फक्त ऐकायला, रेकॉर्ड नाही करत म्हणतेस.

ऊठ, कस्तुरी. कप राहू दे तिथेच, मी धुईन. ऋचा येईल आता, ती यायच्या आत तू रस्त्याला लागलेली बरी. दार नुसतं ओढून घे.