ताटात दिसलेला माणूस

माझं माहेर कुंडल, दिली कराडला, आन् मालक गेल्यावर कॉलेजच्या पोरांची खानावळ काढली त्याला आता बावीस वर्सं झाली, तवा काय सांगू तुम्हाला, माणसाचं तोंड बघायच्या आदी मी त्याचं ताट बघती. एकजण आमटी, भात, भाजी, लोणचं समदं एकात कालवायचा, त्याच्या डोक्यातबी तसाच काला, पर मनानं लय मोकळा. दुसरा गोड आदी खायचा, म्हणायचा मावशी, मधीच भूकंप झाला तर? त्याला मी म्हणायची, तू नोकरी करणार न्हाईस, धंदा करशील, आन् झालंबी तसंच. मग काय, पोरं मुद्दाम ताट दाखवायला यायची, मावशी माझं सांगा की.

त्यातच मी शेफारली. माझ्या सुनंदाला साताऱ्याचं स्थळ आलं, पोरगा चांगल्या नोकरीतला, बघायला आला तर जेवायलाच थांबवला. आवं, काय नेटका जेवला! एक शीत सांडलं न्हाई. मधी सुनंदानं वाढलेली चटणी भाजीला लागली, तर हात आवरून गप बसला, बोलला कायबी न्हाई, तिनं ताट बदलून दिलं तवाच जेवला. माझा भाऊ म्हणला, आक्का, मला ह्ये बरं दिसंना. मी त्यालाच गप केला, म्हणलं टापटीप माणूस हाय, संसार नीट ठेवील, ताट मला कळतंय का तुला?

आता पंचमीला सुनंदा आलीया, लग्नाला दुसरंच वरीस. कशी हायस म्हणलं की बरी हाय म्हणती, बास. अंगावर वळ न्हाई, डोळ्यात पाणी न्हाई. पर काल दुपारी पयली भाकरी संपली, बुट्टीत पाच भाकऱ्या म्होरं व्हत्या, आन् माझी पोर, ह्याच घरात बुट्टी मांडीवर घिऊन जेवणारी, हात मागं घिऊन मला इचारती, आई, अजून एक घिऊ का? म्हणलं कुणाला इचारतीस गं? तर तिनं दाराकडं बघितलं. दारात कोणबी नव्हतं.

उद्या दहाला जावई न्यायला येतोय. भाऊ म्हणतो, कशावरनं ठिवून घेतीस, लोकांना सांगणार काय? खरं हाय, दाखवायला माझ्याकडं कायबी न्हाई, आन् मला भ्या वाटतंय. पर येऊ दे त्याला, पोटभर जेवू घालीन. पोरगी न्हाई धाडणार. एकदा चुकलीच की मी. आता परत चुकली, तर पोर घरात तरी असंल.